अर्धेरावांच्या छातीतला आवाज

अर्धेरावांना घरी आणायचं ठरलं ते केवळ जागेच्या अडचणीमुळे. बाई ज्या संस्थेसाठी वर्ग घ्यायच्या तिच्या कचेरीचं छत गळायला लागलं, सामान हलवायची पाळी आली आणि बाई आपण होऊन म्हणाल्या, यांना मी नेते, आमची आतली खोली रिकामीच आहे. लेक लग्न होऊन गेल्यापासून त्या खोलीत एक लोखंडी पलंग आणि तिची जुनी पुस्तकं, एवढंच काय ते होतं. बाईंनी अर्धेरावांना त्यांच्या लांबोडक्या पिशवीत घातलं, चेन ओढली, पिशवी खांद्याला अडकवली आणि बसने घरी घेऊन आल्या. पुढे जे झालं त्याची सुरुवात इतकी साधी होती, हे सांगून कुणाला खरं वाटत नाही.

अर्धेराव म्हणजे रबराचा पुतळा. डोकं, मान, छाती आणि बेंबीपर्यंत पोट. हात नाहीत, पाय नाहीत, म्हणून अर्धेराव. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. कारखान्यांत, शाळांत, दुकानदारांच्या मंडळांत जाऊन बाई लोकांना एकच गोष्ट शिकवत असत. समोरचा माणूस धाडकन कोसळला, श्वास थांबला, तर दवाखान्याची गाडी येईपर्यंत आपल्या दोन हातांनी काय करायचं. एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवायचा, कोपर ताठ, छातीच्या मधोमध जोरात आणि भराभर दाबायचं, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. अर्धेरावांच्या छातीत लोखंडाची एक पातळ पत्ती होती. दाब पुरेसा खोल गेला की ती वाकायची आणि ‘टक्’ असा आवाज यायचा. आवाज आला नाही तर बाई म्हणायच्या, ‘तुम्ही त्याला कुरवाळताय हो, तो लाडात यायला पडलेला नाही.’ वर्ग हसायचा आणि मग जोर लावायचा. वर्षानुवर्षं तो आवाज ऐकून बाईंचा कान इतका तयार झाला होता की फळ्याकडे तोंड करूनसुद्धा त्या सांगू शकत, मागे कुणाचा हात बरोबर पडतोय आणि कोण नुसता घाम गाळतोय.

बाईंचे यजमान विजेच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करत, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून देत. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. खाली त्यांचं वर्कशॉप आणि वर घर. मधे एक अरुंद, उंच पायऱ्यांचा, दिवसाही काळोखा जिना. जिन्याला एक वळण होतं. त्या वळणावर विजेचे मीटर होते आणि खालून येणारा जळक्या व्हार्निशचा वास तिथे कायमचा मुक्कामाला असायचा. पहिल्या दिवशी पिशवीतून बाहेर आलेलं ते रबरी डोकं पाहून मिस्त्रींनी विचारलं होतं, पाहुणे जेवायला आहेत का. बाई म्हणाल्या, आहेत, पण पोट अर्धंच आहे, फार खर्चात पाडायचे नाहीत.

मग एका वर्गात पत्ती तुटली. हमाली करणारी माणसं शिकायला आली होती, त्यातल्या एका धिप्पाड गड्याने असा काही दाब दिला की कटकन आवाज झाला आणि अर्धेराव मुके झाले. बाईंनी त्यांना मिस्त्रींच्या टेबलावर आणून ठेवलं. मिस्त्रींनी टेबलदिव्याखाली पाठीचे स्क्रू काढले, छाती उघडली आणि पत्तीचे दोन तुकडे चिमट्याने बाहेर काढले. अशी दुसरी कुठे मिळते का ते बघतो, असं म्हणून त्यांनी ते तुकडे वर नेले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत एका वाटीत ठेवून दिले. छाती पुन्हा बंद केली. बोटांनी ती जराशी ठोकून बघितली आणि म्हणाले, ‘बिचाऱ्याच्या आत आता काही म्हणता काही उरलं नाही.’

बोलता बोलता त्यांचा हात डाव्या जबड्याकडे गेला. ती सवय अलीकडचीच होती. मोटार उचलून वर-खाली केलं की तो जबडा ठणकायचा आणि घटकाभर बसलं की आपोआप थांबायचा. मिस्त्रींनी त्याचा आपल्या पद्धतीने छडा लावला होता. उभा जन्म मोटारींत गेलेला माणूस तो, जिथून आवाज येतो तिथेच बिघाड, हा त्यांचा हिशेब. ओझं उचलताना आपण दात आवळतो, म्हणजे दाढच ढिली झालेली असणार. दातांचा डॉक्टर चांगली आहे, चांगली आहे म्हणत असताना त्यांनी हट्टाने ती काढून घेतली. ठणका राहिला तसाच. मग त्यांनी शेजारच्या दाढेवर संशय घ्यायला सुरुवात केली.

छातीच्या डॉक्टरचं नाव काढलं की मात्र ते गप्प व्हायचे. त्यांचे वडील असेच दम लागतो म्हणून तपासायला गेले होते. आपल्या पायांनी गेले आणि दुसऱ्यांच्या खांद्यावर परत आले. तेव्हा वडिलांचं जे वय होतं त्या वयाला आता मिस्त्री पोचले होते. हे ते बोलून दाखवत नसत, पण बाईंना ठाऊक होतं. त्यामुळे त्याही विषय फार ताणत नसत.

आवाज पहिल्यांदा आला तो एका संध्याकाळी. उजेड उतरत होता, पण दिवा लावावा इतकं अंधारलं नव्हतं. बाई स्वयंपाकघरात भाजी चिरत बसल्या होत्या. आतल्या खोलीतून आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा. टक्... टक्... कच्चा, अडखळता, मधेच बुडणारा. बाईंच्या सुरीची लय चुकली नाही. त्या मनातल्या मनात म्हणाल्या, जोर कमी पडतोय, कोपर वाकताहेत. कानाला इतकी सवय की त्या खरोखरच असं म्हणाल्या, आणि मग त्यांचं लक्ष खिडकीतल्या वाटीकडे गेलं. पत्तीचे दोन्ही तुकडे वाटीत होते.

हातातली सुरी हातातच राहिली. जिन्यावर मिस्त्रींच्या चपला वाजत होत्या. वळणावर येऊन त्या थांबल्या, रोज थांबायच्या तशा. मीटरचा आकडा बघतो, असं मिस्त्री नेहमी सांगायचे. चपला थांबल्या तसा आतला आवाज विरळ होत गेला आणि बंद पडला. मिस्त्री वर आले, कपाळ पुसलं आणि चहा मागितला. बाईंनी चहा टाकला. 

त्यानंतर बाईंना त्या आवाजाचा नाद लागला म्हणा किंवा धास्ती म्हणा. दोन्ही एकच होतं. त्या आतल्या खोलीत जाऊन अर्धेरावांच्या छातीला कान लावायच्या. रबराचा आणि स्पिरिटचा ओळखीचा वास यायचा. आत गप्पगार. दोन्ही हातांनी दाबून बघितलं, छाती नुसती खाली जायची आणि वर यायची. डोळे मिटलेला, तोंड किंचित उघडलेला तो चेहरा त्यांनी हजारदा स्पिरिटने पुसला असेल, पण आता पुसताना त्या नजर दुसरीकडे ठेवायला लागल्या. वेड लागायची वेळ आली आपल्यावर, असं त्यांना वाटलं. वेडी बाई लोकांना काय शिकवणार.

पण वेड असं वेळ पाळून येत नाही. मिस्त्री घरात बसलेले असताना आवाज यायचा नाही. ते जिना उतरून खाली जायचे तेव्हाही यायचा नाही. ते वर चढायला लागले की पहिल्या काही पायऱ्या शांततेत जायच्या, आणि वळण जवळ आलं की सुरू व्हायचं. हातात जड मोटार असली तर लवकर, मोकळे असले तर उशिरा. वळणावर थांबले की हळूहळू बंद. बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहायच्या. समोर काळोख्या जिन्यातून येणारा आपला नवरा आणि पाठीमागे त्या रिकाम्या छातीतला आवाज. दोन्ही एका लयीत चाललेले असायचे.

मग एके दिवशी एका शाळेच्या शिक्षकांसमोर त्या नेहमीचा धडा म्हणत होत्या. हृदयाला रक्त पुरवणारी नळी आतून बुजत आली की ते कुरकुरतं, पण दर वेळी छातीतच दुखेल असं नाही. खांदा दुखतो, हात भरून येतो, पाठ धरते, जबडा ठणकतो, दम लागतो, नुसता गळाठा येतो. चढताना, ओझं उचलताना येतं आणि थांबलं की जातं. हे सगळं त्यांना झोपेतसुद्धा पाठ होतं. आज ‘जबडा’ म्हणाल्या आणि पुढचा शब्दच फुटेना. शिक्षकांना वाटलं घसा कोरडा पडला, कुणीतरी पाणी आणून दिलं. बाई पाणी प्यायल्या. गावभर सांगत हिंडले आणि घरातल्या माणसाची दाढ उपटून आणली, या विचाराने त्यांना त्या वर्गात सगळ्यांदेखत रडू फुटायचं बाकी राहिलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी मिस्त्रींना सगळं सांगितलं. ठणक्याचं सांगितलं, वळणावर थांबण्याचं सांगितलं, आणि धीर करून आवाजाचंही सांगितलं. पहिल्या दोन गोष्टी मिस्त्रींनी खाली मान घालून ऐकल्या. तिसरीला ते उखडले. घरात भुतं आणून ठेवायची आणि वर मला आजारी पाडायचं, असं म्हणून ते ताटावरून उठले. दोघांत अबोला पडला. अशा अबोल्याला घर लहान पडतं. मिस्त्री जास्त वेळ खाली काढायला लागले आणि त्यामुळे जिना चढणं तेवढं कमी झालं, इतकाच त्यातला फायदा.

अबोला मोडला तो वीज गेल्यामुळे. दिवस मावळायला आला होता, सगळ्या आळीत अंधार झाला आणि खालची यंत्रं बंद पडल्यावर जी शांतता पसरली ती कानाला जाणवण्यासारखी होती. बाई कंदील घेऊन दारात आल्या. खाली मिस्त्री दुकान बंद करून जिन्याच्या तोंडाशी उभे होते. बाईंनी वरूनच हळू आवाजात सांगितलं, मी फोन लावते तो उचला आणि मग काय ते म्हणा. मिस्त्रींच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला. बाईंनी आपला फोन आतल्या खोलीत नेला, अर्धेरावांच्या छातीवर ठेवला आणि पुन्हा दारात येऊन उभ्या राहिल्या. कंदील पायाशी ठेवला आणि दोन्ही तळहात पुढे धरले, मिस्त्रींना दिसतील असे.

‘या आता वर,’ त्या म्हणाल्या. ‘मी इथेच आहे. माझे हात बघत या.’

मिस्त्री चढायला लागले. बायकोची समजूत काढावी म्हणून चढताहेत, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पहिल्या पायऱ्या सरल्या. वळणाच्या अलीकडे त्यांचा पाय रेंगाळला. त्यांनी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा कानाला लावला. कंदिलाच्या उजेडात बाईंचे दोन्ही तळहात लख्ख दिसत होते. हललेसुद्धा नव्हते.

आणखी एक पायरी चढून मिस्त्रींनी भिंतीला हात टेकला. बाईंना पाठीमागून तो आवाज येत होता, तोच त्यांना फोनमधून येत होता. ते थांबले. आवाज मंदावला. मिस्त्री तसेच उभे राहिले, आवाज पूर्ण थांबेपर्यंत. मग त्यांनी मुद्दाम भरभर दोन पायऱ्या चढून बघितल्या, एखादी मोटार चालू-बंद करून बघावी तशा. आवाज लगेच परत आला. त्यांचा दुसरा हात जबड्यावर गेला होता.

‘अगं...’ ते म्हणाले. ‘हा मी आहे का?’

बाईंनी होकाराची मान हलवली. मिस्त्री तिथेच पायरीवर बसले. बाई कंदील घेऊन खाली उतरल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.  मग मिस्त्री म्हणाले, बाबा गेले तेव्हा त्यांना कुणी असं आधी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपली भीती बोलून दाखवली ती आयुष्यात त्या एकदाच.

सकाळी दोघं हृदयाच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. मिस्त्रींना आडवं झोपवून छातीला तारा लावून जो आलेख काढला तो निर्दोष निघाला. मिस्त्रींनी विजयी मुद्रेने बायकोकडे बघितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही मोटारी दुरुस्त करता ना, रिकामी मोटार फिरवून बघितली तर ती चांगलीच फिरते, बिघाड कळतो तो ओझं घातल्यावर. आता तुम्हाला ओझं घालून बघू. त्यांनी मिस्त्रींना सरकत्या पट्ट्यावर चालायला लावलं. पट्टा जरा वर उचलला, जरा वेग वाढवला, आणि पडद्यावरची रेघ खाली झुकायला लागली तसा त्यांनी तो झटकन थांबवला. मिस्त्रींचा हात जबड्याकडे गेला होता. त्या दिवशी त्यांना घरी सोडलं नाही.

मनगटातून बारीक नळी घालून तपासणी झाली. हृदयाची मुख्य नळी फार थोडी उघडी राहिली होती. तिथे जाळीची लहानशी नळी बसवून वाट मोकळी केली. मिस्त्री शुद्धीवरच होते आणि आतलं कामकाज पडद्यावर बघत होते. नंतर ते बाईंना म्हणाले, काम नाजूक आहे, पण हात चांगला आहे डॉक्टरीणबाईंचा. बाहेर बाकावर बसून बाई देवाचा धावा करत होत्या आणि यांचं कौतुक चाललं होतं कारागिरीचं.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. नळी उघडली म्हणजे आजार गेला असं समजू नका, त्या म्हणाल्या, जो गाळ तिथे साचला तो बाकीच्या नळ्यांतही साचू शकतो. गोळ्या एक दिवस चुकवायच्या नाहीत. विडी बंद. मीठ, तेल हात राखून. रोज चालायचं. आणि मग आवाज थोडा खाली आणून म्हणाल्या, ‘चढताना दुखतं आणि थांबल्यावर थांबतं, तोवर हातात वेळ असतो. थांबूनसुद्धा थांबलं नाही, तर मग एक क्षण दवडायचा नाही. गाडी बोलवायची.’

त्यांनी बाईंकडेही बघितलं. तुमचीही तपासणी करून टाका, वय झालंय, असं म्हणाल्या. बाई हसल्या. ‘मला काय धाड भरली आहे?’ त्या म्हणाल्या. मिस्त्रींच्या औषधांची पिशवी उचलून त्या उठल्यासुद्धा.

परत आल्यावर पहिल्यांदा जिना चढायची वेळ आली तेव्हा मिस्त्री खाली थांबले आणि बाई आधी वर गेल्या. आतल्या खोलीचं दार सताड उघडून त्या चौकटीत उभ्या राहिल्या. मिस्त्री एकेक पायरी चढत आले. वळण आलं. वळण गेलं. खोलीतून काही आवाज नाही. खिडकीबाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटा वाजली तेवढीच. मिस्त्री दारात पोचले आणि बाई उंबऱ्यावरच बसून ढसाढसा रडल्या. इतका आनंद त्यांना लेकीच्या जन्मालाही झाला नसेल. मिस्त्री बावचळून म्हणाले, अगं, आता मला आत तरी जाऊ दे.

नवी पत्ती मिस्त्रींनी बसवली नाही. बाईंनी विचारलं तर म्हणाले, ‘नको. आत खरी पत्ती असली, तर कुठला आवाज कशाचा ते कळायचं नाही. राहू दे रिकामं.’ संस्थेकडून वर्गासाठी दुसरा पुतळा मिळाला, तोही जडच. अर्धेराव मात्र आतल्या खोलीत लोखंडी पलंगावर कायमचे राहिले. मिस्त्री त्यांना येता-जाता नमस्कार करायचे, अर्धा थट्टेने आणि अर्धा खरा. त्यांच्या डोक्याखाली उशी आली. थंडीत कुणीतरी त्यांच्यावर चादर टाकली होती, आणि ती मी टाकली असं दोघांपैकी कुणीच कबूल करेना.

दिवस चांगले जात होते. मिस्त्रींची विडी सुटली आणि स्वभाव चिडका झाला, मग हळूहळू निवळला. सकाळी ते चालायला जायचे आणि येताना जिना दमदार पावलांनी चढायचे. बाईंचं काम वाढलं होतं. नवऱ्याचं पथ्य, गोळ्यांच्या वेळा, वर्ग आणि खांद्याला ती पुतळ्याची पिशवी. पिशवीच्या पट्ट्याने दोन खांद्यांच्या मधे पाठ भरून यायची. मिस्त्री रात्री बाम चोळून द्यायचे आणि म्हणायचे, दगदग कमी कर. अलीकडे बाईंना सारखा थकवा यायचा, कधी जेवणावरची वासना उडायची. एवढ्या मोठ्या आजारपणाचा शीण आहे, जाईल, असं त्या म्हणायच्या. संध्याकाळी वर्गाहून परत आल्या की वळणावर त्या पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायला थांबत. कधीकधी मीटरचा आकडाही बघत. मिस्त्री तेव्हा खाली दुकानात असायचे आणि वरच्या घरात ऐकायला कुणी नसायचं.

त्या दिवशी मिस्त्रींनी दुकान लवकर बंद केलं होतं. वर येऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं, बायको दमून येईल म्हणून. उजेड उतरत होता. जिन्यावर बाईंच्या चपला वाजायला लागल्या, तसे ते गॅस बारीक करून दार उघडायला निघाले. आतल्या खोलीच्या तोंडाशी त्यांचा पाय अडला.

बाई वळणावर आल्या तेव्हा दार उघडं होतं. दारात मिस्त्री उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड नव्हता, पण हात दिसत होते. दोन्ही तळहात त्यांनी पुढे धरले होते, आणि एकेका तळहातावर पत्तीचा एकेक तुकडा होता.

 काय झालं ते बाईंना विचारायची गरजच पडली नाही, एरवी घराबाहेर न पडणारा तो आवाज आज तिथवर येत होता.

‘अगं...’ मिस्त्री अगदी हळू म्हणाले, ‘मी दारात उभा आहे. माझे हात बघ.’

‘पिशवी जड आहे हो,’ बाई म्हणाल्या. ‘तेवढंच...’

‘खाली ठेव. बस.’

बाईंनी पिशवी खांद्यावरून सोडली. ती भिंतीला घासत खाली गेली. बाई पायरीवर बसल्या, मिस्त्री बसले होते त्याच पायरीवर. ओझं गेलं होतं, चढणं थांबलं होतं. आता पाठ हलकी व्हायला हवी होती. खाली व्हार्निशचा वास होता आणि पाठीमागच्या भिंतीचा गारवा घामाने भिजलेल्या पोलक्यातून आत येत होता. त्यांनी श्वास धरला आणि आवाज विरळ व्हायची वाट बघितली. मिस्त्रीही वाट बघत होते.

आवाज थांबला नाही.

मिस्त्रींच्या हातातले तुकडे खाली पडून खणखणले. मग त्यांचा फोनवर बोलण्याचा आवाज आला, ते पत्ता सांगून गाडी मागवत होते. बोलता बोलताच ते बायकोकडे उतरायला लागले. बाईंनी डोळे मिटले. त्या घाबरल्या होत्या, आयुष्यात कधी नव्हत्या इतक्या. पण कान आपलं काम करत होते. मिस्त्रींच्या वेळचा आवाज कच्चा असायचा, अडखळायचा. हा तसा नव्हता. मोकळा, भराभर, एकसारखा, दर वेळी पूर्ण खोल जाणारा आणि पूर्ण वर येऊ देणारा. बाईंच्या कुठल्याही वर्गात इतकं नेमकं कुणाला जमलं नव्हतं.

वरच्या खोलीत कुणीही नव्हतं. पण जे कोणी दाबत होतं, त्याची कोपरं ताठ होती.